इन्क्विझिशनच्या वाटेवरचा हेरिटेज वॉक: एक अभिप्राय

बासिलिका आणि से कॅथेड्रल दाखवून पर्यटकांना परत पाठवणाऱ्या सहली ओल्ड गोव्यात पुष्कळ आहेत. पणजीतील एका छोट्या गटाचा हा मराठी-कोंकणी हेरिटेज वॉक मात्र इन्क्विझिशनने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मन्यायासनाने, ज्यांचा पिच्छा पुरवला त्या ज्यूवंशीय माणसांच्या रोजच्या जगण्याकडे नेतो, आणि म्हणूनच तो मी आवर्जून सुचवीन.

सर्वाधिक वेळ से कॅथेड्रलजवळच्या मोकळ्या जागेत जातो. गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेल्या त्या न्यायासनाचा वाडा याच परिसरात होता; आज त्याचे काहीही उरलेले नाही, तरीही मार्गदर्शक ऐकणाऱ्याला खिळवून ठेवतात. बाप्तिस्म्यानंतरही कोण गुपचूप ज्यू धर्म पाळतो याची शेजाऱ्यांनी कोणत्या खुणांवरून चुगली करावी हे पोर्तुगालमध्ये १५३६ मध्येच जाहीर झाले होते: शुक्रवारी घर झाडून दिव्यात नव्या वाती घालणे, शनिवारी धुतलेले कपडे नेसणे, डुकराचे मांस आणि खवले नसलेले मासे वर्ज्य करणे. सुंगटे (कोळंबी) आणि तिसऱ्या (शिंपले) यांच्यावाचून जेथे जेवण पुरे होत नाही, तेथे कोणाच्या ताटात काय नाही हे किती सहज ध्यानात येत असेल, या विचाराने मी अस्वस्थ झालो. पुढे १७३६ च्या फर्मानाने धर्मांतरित हिंदूंना अंगणात तुळस ठेवण्यास आणि मिठाविना भात शिजवण्यासही मनाई केली, हा दुवा मार्गदर्शकांनी फार नेमका जोडला.

गार्सिया द ऑर्ता यांची हकिगतही तपशिलाने येते. स्पेनमधून १४९२ मध्ये हाकलल्या गेलेल्या ज्यू कुटुंबातील हा वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि १५६३ मध्ये त्याचा भारतीय औषधींवरील ग्रंथ येथेच छापला गेला. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळण्यात आले आणि १५८० मध्ये त्याची हाडेही उकरून जाळली. ज्या पणजीत आज त्याच्या नावाची बाग आहे, तेथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला हे ठाऊक असले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

स्थलांतराचा भाग मात्र घाईत उरकला जातो, आणि ही उणीव मोठी आहे. १४९७ मध्ये पोर्तुगालने ज्यूंचा सक्तीने बाप्तिस्मा केला, १४९९ मध्ये या नवख्रिस्ती लोकांना परवानगीविना देश सोडण्यास बंदी घातली, १५०६ मध्ये लिस्बनमध्ये त्यांची कत्तल झाली आणि त्यानंतर १५०७ मध्ये कुठे ती बंदी उठली. राहणेही अशक्य आणि निघणेही अशक्य, ही कोंडी समजल्याशिवाय कोणी इतक्या दूर गोव्याला का यावे हे उमगत नाही. कोचीचाही उल्लेख हवा होता, कारण तेथे राजाच्या आश्रयाने ज्यू समाज उघडपणे नांदत होता आणि तेथील ‘परदेशी’ नावाचे सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) १५६८ मध्येच बांधले गेले.

सोबत मिळणारा नकाशा केवळ इंग्रजीत आहे, तो मराठीतही असावा. ऊन चढण्यापूर्वीची सकाळची फेरी निवडावी. वाटेत सावली फारशी नाही, आणि ज्येष्ठांना बराच वेळ उभे राहावे लागते.