पारा, शिसे आणि गिटार: एका प्रश्नमंजुषा-संचाविषयी

रॉक संगीतातील दिग्गज आणि रासायनिक मूलद्रव्ये या दोन विषयांवरील दोनशे पत्त्यांचा एक इंग्रजी प्रश्नमंजुषा-संच गेल्या दिवाळीत भाच्याने घरी आणला. त्याला गिटारचा नाद आहे आणि मी बावीस वर्षे अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, तेव्हा मावशीला डावात ओढण्यासाठीच त्याने हा विषय हेरला असावा. संचात काही ठळक चुका असल्यामुळे त्याचे नाव येथे घेत नाही. मात्र या धाटणीचे संच घेताना काय तपासून पाहावे, हे आमच्या चार-पाच संध्याकाळच्या अनुभवावरून सांगता येईल.

ऐंशी पत्ते निव्वळ संगीताचे, ऐंशी निव्वळ मूलद्रव्यांचे आणि उरलेले चाळीस दोहोंना जोडणारे, अशी विभागणी आहे. पहिल्या एकशेसाठ पत्त्यांविषयी फारसे लिहिण्याजोगे नाही. सोडियमची संज्ञा कोणती, बीटल्स कोणत्या शहराचे, असे प्रश्न पाठांतराचे असतात आणि दुसऱ्या खेपेला ते संपतात. खरी गंमत त्या चाळीस पत्त्यांत आहे.

त्यातही सर्वांत रंगला तो संज्ञांवरून बँडचे नाव ओळखण्याचा प्रकार. जर्मेनियम, निऑन, सिलिकॉन आणि गंधक यांच्या इंग्रजी संज्ञा ओळीने लिहिल्या की ‘जेनेसिस’ तयार होते. रुथेनियम, गंधक आणि हायड्रोजन मिळून टोरंटोचा ‘रश’ होतो. कार्बन, रेनियम आणि अमेरिशियम यांतून एरिक क्लॅप्टनचा ‘क्रीम’ निघतो. येथे रसायनशास्त्र येणाऱ्यालाही बँड ठाऊक असावे लागतात आणि बँड ठाऊक असणाऱ्यालाही आवर्तसारणी आठवावी लागते, त्यामुळे डाव एकतर्फी होत नाही. ‘क्वीन’ हे नाव मात्र अशा रीतीने लिहिताच येत नाही, कारण क्यू हे अक्षर कोणत्याही संज्ञेत नाही. गंमत अशी की, याच संचातील दुसरा एक पत्ता आवर्तसारणीत न आढळणारे एकमेव अक्षर जे असल्याचे ठासून सांगतो. ११४व्या मूलद्रव्याला अनअनक्वाडियम हे तात्पुरते नाव होते तोवर त्याच्या संज्ञेत क्यू होता खरा. परंतु २०१२ मध्ये त्याचे फ्लेरोवियम असे नामकरण झाले आणि तेव्हापासून जे व क्यू ही दोन्ही अक्षरे सारणीबाहेर आहेत. पत्ता लिहिणाऱ्याने जुन्या पुस्तकातून उत्तर उचलले, हे उघड आहे. त्या पत्त्यावरून आमच्याकडे चांगलीच जुंपली आणि शेवटी गुण कोणालाच न देण्याचे ठरले.

‘क्वीन’चा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या पत्त्याबाबत माझी तक्रार वेगळी आहे. ‘कोणत्या गायकाने मूलद्रव्यावरून आडनाव घेतले?’ असा प्रश्न आहे. झांझिबारमध्ये १९४६ साली जन्मलेला फारुख बलसारा हा मुलगा आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि ‘द हेक्टिक्स’ हा त्याचा पहिला बँडही तेथेच जमला, ही माहिती पत्त्यावर असती तर मराठी घरात तो पत्ता जपून ठेवला गेला असता. तिच्याऐवजी आडनाव पाऱ्यावरूनच घेतले, हा तर्क दिला आहे. इंग्रजीत रोमन देवता, ग्रह आणि धातू या तिन्हींना एकच शब्द असल्यामुळे गायकाच्या मनात नेमके काय होते, हे ८० अणुअंकाच्या धातूकडे बोट दाखवून ठरवता येत नाही. मराठीत तर ही कोटी मुळातच मोडते, कारण आपला बुध वेगळा आणि पारा वेगळा. प्रश्न मराठीत वाचून दाखवण्याचा प्रयत्न केला तेव्हा ‘फ्रेडी पारा’ ऐकून भाचा लोळायचा बाकी राहिला.

शिशाची कथा संचाने अधिक जबाबदारीने हाताळली आहे. ‘लेड झेपेलिन’ या बँडच्या नावातील पहिला शब्द शिसे या अर्थाचाच आहे; लोकांनी तो ‘लीड’ असा वाचू नये म्हणून स्पेलिंगमधील ए गाळला गेला. त्याच पत्त्यावर जोडप्रश्न आहे: त्यांच्या १९६९ मधील पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर जळताना दिसणाऱ्या हिंडेनबर्ग या हवाई जहाजात कोणता वायू होता? उत्तर हायड्रोजन. हे जहाज हेलियमसाठी आखलेले होते, पण अमेरिकेने हेलियमच्या निर्यातीवर निर्बंध घातल्याने जर्मनांना ज्वालाग्राही हायड्रोजन भरावा लागला आणि ६ मे १९३७ रोजी लेकहर्स्ट येथे ते पेटले, एवढा मजकूर उत्तरासोबत दिलेला आहे. नुसत्या उत्तराऐवजी कारणही सांगणारे असे पत्ते मी मोजले. ते अकरा भरले.

‘मोटरहेड’ या हेवी मेटल बँडच्या लेमीचा पत्ता या अकरांत येतो. २८ डिसेंबर २०१५ रोजी तो वारला आणि दोनच दिवसांनी चार नव्या जड मूलद्रव्यांना मान्यता मिळाली, तेव्हा त्यांपैकी एकाला ‘लेमियम’ म्हणावे, अशी मागणी चाहत्यांनी केली. जड मूलद्रव्य आणि हेवी मेटल हा योग जुळून आला होता. परंतु नियमानुसार मूलद्रव्याला नाव द्यायचे ते पुराणकथा, खनिज, स्थळ, गुणधर्म किंवा शास्त्रज्ञ यांवरूनच, म्हणून २०१६ मध्ये निहोनियम, मॉस्कोवियम, टेनेसीन आणि ओगानेसन ही नावे ठरली.

एका पत्त्याने मात्र आम्हांला जागेवरून उठवले. इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमधील, म्हणजे तारांचे कंपन टिपणाऱ्या भागातील, ‘अल्निको’ चुंबकाचे नाव कोणत्या तीन मूलद्रव्यांवरून पडले, हा प्रश्न. ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट, हे उत्तर मी दिले. पण बहुतेक भाग लोखंडाचा असूनही नावात लोखंड का नाही, यावर आमचे अडले. ते कोडे तसेच राहिले, पण चुंबकाचे काम दाखवायला भाच्याने गिटार ॲम्प्लिफायरला जोडली, पिकअपवर तंगुसाचा तुकडा ताणून धरला आणि छेडला. ॲम्प्लिफायरमधून काहीच आले नाही. पोलादी तार छेडताच घर दणाणले. तार चुंबकीय असेल तरच तिच्या कंपनाने तांब्याच्या गुंडाळीत विद्युत्प्रवाह निर्माण होतो, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. कानांनी मात्र ते त्या दिवशी प्रथमच ऐकले.

एक उणीव मला फार खटकली. आवर्तसारणी आणि संगीत यांचा सर्वांत जुना दुवा म्हणजे रसायनशास्त्रज्ञ न्यूलँड्सचा अष्टकांचा नियम (अणुवस्तुमानाच्या क्रमाने लावल्यास दर आठवे मूलद्रव्य पहिल्यासारखे वागते, जसा सप्तकानंतर पुन्हा सा येतो), जो आपण दहावीच्या वर्गात सा रे ग म च्या आधाराने शिकवतो. १८६६ मध्ये त्याने तो लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला तेव्हा ‘मूलद्रव्ये वर्णानुक्रमे लावून पाहिलीत का?’ अशी त्याची थट्टा झाली. १८८७ मध्ये त्याला रॉयल सोसायटीचे डेव्ही पदक मिळाले. यावर दोनशेपैकी एकही पत्ता नाही. संचात दोन कोरे पत्ते दिले आहेत, त्यांपैकी एकावर मी हा प्रश्न लिहून ठेवला.

छपाई स्वच्छ आहे, पत्ते जाड आहेत, वाळूचे घड्याळ मात्र चाळीस सेकंदांऐवजी पन्नासला संपते. आठशे रुपयांना हा संच महागच पडतो. घरात दोन्ही विषयांचे एकेक माणूस असेल तरच घ्यावा, आणि उत्तरे तपासण्यासाठी नवी आवर्तसारणी जवळ ठेवावी.