एसपीजी ते बॉनव्हॉय: कार्ड तेच, कमाई वेगळी

न्यू जर्सीत आम्ही 12 वर्षं राहिलो. त्यातली बरीच वर्षं किराणा, गाडीचा गॅस, मुलीच्या कथकच्या क्लासची फी असं सगळं एकाच कार्डावर जायचं. ते होतं अमेरिकन एक्सप्रेसचं स्टारवुड या हॉटेल समूहाचं कार्ड, ज्याला सगळे एसपीजी (स्टारवुड प्रिफर्ड गेस्ट) म्हणायचे. आता पुण्यात परतल्यावर गेले 14 महिने एचडीएफसीचं मॅरियट बॉनव्हॉय कार्ड वापरते आहे; बॉनव्हॉय हा मॅरियट हॉटेल समूहाचा पॉइंटचा कार्यक्रम. त्याबद्दल ओळखीतले बरेच जण विचारतात. पण या कार्डाकडे मी एसपीजीच्या अनुभवातूनच बघते, म्हणून सुरुवात तिथून.

एसपीजीचं गणित तोंडपाठ होतं. कुठेही 1 डॉलर खर्च केला की 1 स्टारपॉइंट. 20,000 स्टारपॉइंट एकदम विमान कंपनीकडे वळवले की वर 5,000 बक्षीस, म्हणजे 25,000 माइल, ज्यांवर विमानाची तिकिटं मिळतात. बऱ्याच विमान कंपन्यांना हाच दर लागू होता. आमचा वर्षाचा खर्च साधारण 20,000 डॉलरच्या आसपास असायचा, म्हणजे दर वर्षी 25,000 माइल हमखास. आईबाबांच्या मुंबई-अमेरिका तिकिटांचा मोठा भार त्या माइलनी उचलला. हॉटेलात राहण्यासाठी आम्ही पॉइंट फार क्वचित वापरले. हॉटेलचं कार्ड असूनही आमच्यासाठी ते विमानाचंच कार्ड होतं.

नोव्हेंबर 2015 मध्ये मॅरियट स्टारवुड विकत घेणार अशी बातमी आली. मध्येच चीनच्या आनबांग समूहाने जास्त बोली लावली, मग माघार घेतली आणि 23 सप्टेंबर 2016 ला व्यवहार पूर्ण झाला. त्याच दिवसापासून दोन्ही खाती जोडून 1 स्टारपॉइंटचे 3 मॅरियट पॉइंट करता येऊ लागले. हा भाव मला तेव्हाही योग्य वाटला आणि आजही वाटतो. जे जमा होतं त्याला धक्का लागला नाही, हे मोकळेपणाने सांगायला हवं.

बदललं ते पुढचं. एप्रिल 2018 मध्ये नवे नियम जाहीर झाले आणि मी रात्री जेवणानंतर वही घेऊन बसले. ऑगस्ट 2018 पासून त्याच कार्डावर 1 डॉलरला 2 मॅरियट पॉइंट मिळणार होते. आकडा 1 वरून 2 वर गेला म्हणून बऱ्याच जणांना तो फायदा वाटला. पण जुना 1 स्टारपॉइंट म्हणजे 3 मॅरियट पॉइंट. म्हणजे रोजच्या खर्चावरची कमाई सरळ एक तृतीयांशाने घटली. त्यात बक्षिसाचे 5,000 माइल मिळवायला आता 60,000 पॉइंट एकदम वळवावे लागणार होते. आमच्या 20,000 डॉलरचे व्हायचे 40,000 पॉइंट, आणि 3 पॉइंटला 1 माइल या दराने त्यांचे माइल 13,333. कुठे 25,000 आणि कुठे हे! पहिल्याइतके माइल हवे असतील तर खर्च 30,000 डॉलरवर न्यायला हवा होता.

हा हिशेब वेळेत मांडल्याचा फायदा झाला. घराचा विमा, मुलीची फी, दोन मोठी बिलं जुलैअखेरीच भरून टाकली. ते सगळे पॉइंट जुन्या दराने पदरात पडले. कोणत्याही कार्डामागचा पॉइंटचा कार्यक्रम दुसऱ्यात मिसळणार असेल, तर घोषणा आणि अंमलबजावणी यांच्यामधले हे महिने फार मोलाचे असतात. नव्या नावाकडे बघण्याआधी जुन्या दराची शेवटची तारीख शोधा.

एक चूक मात्र झालीच. 2019 मध्ये घाईघाईत 50,000 पॉइंट वळवले. जुन्या सवयीने वाटलं, बक्षीस आपोआप येईल. 60,000 ला 10,000 कमी होते, म्हणून बक्षीस नाही. मिळाले 16,666 माइल. आणखी थोडे महिने थांबले असते तर 25,000 झाले असते.

दोन बँकांचा गुंता बाहेरून लक्षात येत नाही. स्टारवुडचं कार्ड अमेरिकन एक्सप्रेसकडे, मॅरियटचं चेसकडे. एका हॉटेल समूहाला दोन बँका, हे टिकेल का अशी चर्चा चालायची. डिसेंबर 2017 मध्ये ठरलं की दोघीही राहतील आणि बाजार वाटून घेतील: सर्वात महागडी आणि व्यवसायाची कार्डं अमेरिकन एक्सप्रेसकडे, रोजच्या वापराची चेसकडे. म्हणूनच आमचं 95 डॉलर फीचं कार्ड पुढे नव्या अर्जदारांना मिळेनासं झालं. चेसच्या महागड्या रिट्झ-कार्लटन कार्डाचंही तेच झालं. ज्यांच्याकडे होतं त्यांच्याकडे राहिलं. घाईत रद्द केलं असतं तर परत मिळालं नसतं, हे मी त्या काळात कितीतरी जणांना सांगितलं.

भर पडली तीही सांगते. त्याच 95 डॉलर फीवर दर वर्षी 35,000 पॉइंटपर्यंत भाव असलेल्या हॉटेलात एक मोफत रात्र मिळू लागली. जे वर्षातून एकदा तरी हॉटेलात राहतात, त्यांची फी तेवढ्यातच वसूल. आमच्यासारख्या माइलवाल्यांचं कार्ड गेलं आणि हॉटेलवाल्यांचं आलं, असं मी म्हणेन. पहिली रात्र आम्ही भारतभेटीत पुण्यात वापरली. आईला पाचव्या मजल्यावरून दिसणारा पाऊस इतका आवडला की ती रात्री एकपर्यंत खिडकीशी बसून होती.

13 फेब्रुवारी 2019 ला एकत्र झालेल्या कार्यक्रमाला बॉनव्हॉय हे नाव आलं. त्याच्या थोडं आधी, 30 नोव्हेंबर 2018 ला, स्टारवुडच्या जुन्या आरक्षण यंत्रणेत 2014 पासून घुसखोरी झाल्याचं जाहीर झालं होतं. विलीनीकरणात पॉइंटबरोबर जुनी यंत्रणा आणि तिच्यातली आपली माहितीही नव्या मालकाकडे जाते, हे तेव्हा उमगलं. मी पासवर्ड बदलला आणि खात्यात साठवलेला पासपोर्ट क्रमांक काढून टाकला. मार्च 2022 पासून कोणत्या हॉटेलच्या रात्रीला किती पॉइंट लागतील याचा ठरावीक तक्ताही गेला. आता तारखेनुसार आकडा हलतो.

पुण्यातलं कार्ड ऑगस्ट 2023 मध्ये बाजारात आलं. वार्षिक फी 3,000 रुपये आणि वर जीएसटी. मॅरियटच्या हॉटेलात 150 रुपयांना 8 पॉइंट, प्रवास आणि जेवणावर 4, इतरत्र 2. वर्षाला 15,000 पॉइंटपर्यंतची एक मोफत रात्र. किराण्यावर हे कार्ड घासून माइल साठवायचा विचार असेल तर सोडून द्या. 150 रुपयांना 2 या दराने 60,000 पॉइंट व्हायला 45 लाख रुपये खर्च करावे लागतात. मी ते फक्त हॉटेल, जेवण आणि प्रवासालाच काढते. किराण्याला दुसरं कार्ड.

मोफत रात्रीत आपले पॉइंट घालून वरचं हॉटेल घेता येतं, ही सोय मला सर्वात उपयोगी वाटते. गेल्या डिसेंबरात महाबळेश्वरला आम्ही तेच केलं. कमी पडलेले पॉइंट एसपीजीच्या काळातले होते. जुलै 2018 ला भरलेल्या त्या विम्याचे.