अँटिस्टॅटिक मॅट आणि रिस्ट स्ट्रॅप: काही महिने वापरल्यानंतर

इलेक्ट्रॉनिक्सचं काम करताना अंगावरचा स्टॅटिक चार्ज वायरने अर्थला उतरवणारा मनगटाचा पट्टा म्हणजे रिस्ट स्ट्रॅप; टेबलावरची मॅटही तशीच अर्थला जोडतात. माझ्या स्ट्रॅपची वायर गेली. तुटून लोंबकळली असती तर निदान दिसली तरी असती. ही आतल्या आत तुटली, वरून नवीकोरी. सोल्डरिंग आयर्न बिघडलं की लगेच कळतं, स्ट्रॅपचं कळतच नाही. स्टॅटिकचा चटका आपल्याला जाणवायला साधारण 3000 व्होल्ट लागतात. नाजूक मॉसफेटचा (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) गेट, म्हणजे त्याचं कंट्रोलचं टोक, मात्र 100 व्होल्टच्या आसपासही कामातून जाऊ शकतो.

तुमच्याकडे स्ट्रॅप असेल तर आजच तपासा. मल्टिमीटरची एक पिन पट्ट्याच्या आतल्या चकतीवर, दुसरी वायरच्या शेवटच्या क्लिपवर. 1 मेगाओहमच्या आसपास दिसलं तरी तिथे थांबू नका. टिचबटणापाशी वायर जिथे आत शिरते, तो गळा बोटाने वाकवून बघा. माझ्याकडे वाकवला की मीटरवर 'ओएल' (म्हणजे जोड तुटलेला), सरळ केला की पुन्हा 1 मेगाओहम. काम करताना मनगट वळतं ते नेमकं तिथेच! विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला, तर "रीडिंग बरोबर आहे, बदलून मिळणार नाही" एवढंच उत्तर. याचा मला अजून राग आहे.

स्ट्रॅपच्या वाटेत मुद्दाम बसवलेला तो 1 मेगाओहमचा रेझिस्टर अडथळा समजून काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नका. चुकून 230 व्होल्टला हात लागला तर या वाटेने 0.23 मिलिअँपिअरच्या वर करंट जात नाही. अंगावरचा चार्ज उतरायला त्याचा काहीच अडसर नाही, मिलिसेकंदाच्या आत काम होतं. तरीही मेन्सवर चालू असलेल्या सर्किटवर काम करताना मी स्ट्रॅप काढूनच ठेवतो.

मॅटबद्दल मात्र माझं मत पार बदललं. सुरुवातीला रबराचा वास आणि गुंडाळून वर येणारे कोपरे यांनी वैताग आणला होता. आता कोपरे बसलेत, सोल्डरचे थेंब पडूनही पृष्ठभाग शाबूत आहे आणि स्क्रू घरंगळत नाहीत. फक्त काचा पुसायच्या स्प्रेने ती पुसू नका. काहींमधल्या सिलिकॉनचा थर बसतो आणि मॅट इन्सुलेटर होऊन जाते. सौम्य साबणाचं पाणी पुरतं.

हे सगळं अर्थिंगवर उभं आहे. सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे मागे अर्थची वायर आहेच असं नाही. धातूच्या कॅबिनेटच्या पॉवर सप्लायला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर अर्थ नसण्याचीच शक्यता जास्त: आतल्या फिल्टर कपॅसिटरमुळे कॅबिनेटवर मेन्सच्या निम्म्याइतका व्होल्टेज येतो. मॅट त्याच सॉकेटच्या अर्थ पिनला जोडली असेल तर तो मॅटवरही पोचतो. फेज आणि अर्थमध्ये मल्टिमीटरने पूर्ण व्होल्टेज दाखवला तरी समाधान मानू नका, मीटर इतका कमी करंट घेतो की कच्चा जोडही ठणठणीत वाटतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थचा रेझिस्टन्स मोजून घ्या. न्यूट्रलला अर्थ म्हणून जोडणं तर कधीच नको.

मॅटला पाचपैकी पाच, सोबतच्या स्ट्रॅपला एक. नवा स्ट्रॅप दुसऱ्या कंपनीचा घेतलाय, गळ्याशी जाड लवचीक रबर असलेला. आधीच्या विक्रेत्याने शेवटी बिनवायरचा स्ट्रॅप सुचवला होता. तो घेऊ नका. वायरच नाही, तर चार्ज जाणार कुठे?