दोन मिनिटांत सूज गायब म्हणणाऱ्या बामने मला कसं फसवलं

मेकअपने डोळ्यांखालची काळी वर्तुळं झाकता येतात, सूज झाकता येत नाही. उजळ कन्सीलर लावला की फुगवटा उलट जास्तच उठून दिसतो. म्हणूनच ‘मेकअपच्या आधी लावा, दोन मिनिटांत सूज गायब’ ही जाहिरात बघून मी तो बाम मागवला. कॅफीनयुक्त, संपूर्ण नैसर्गिक, पसंत न पडल्यास पैसे परत, असं सगळं ठळक अक्षरांत होतं.

डबीत बाम नव्हताच. बाम म्हटलं की मेण-तेलाचा घट्ट लेप. हे निघालं पातळ, पारदर्शक जेल. लावल्यावर त्वचा ओढली गेली आणि फुगवटा खरंच सपाट दिसला. माणूस फसतो तो इथेच. अशा झटपट परिणामाच्या उत्पादनांत बऱ्याचदा सोडियम सिलिकेटसारखा पदार्थ असतो. तो वाळताना आकसतो आणि त्वचेला ताणून धरतो. सूज जागेवरच असते, आणि हा ताणही काही तासच टिकतो. मी वरून कन्सीलर थोपटला, तर अंड्याचा पांढरा बलक वाळावा तसा तो पापुद्रा तडकला. हसल्याबरोबर डोळ्यांच्या कोपऱ्यात पांढरे कण सुटले, कन्सीलरच्या गुठळ्या झाल्या. संध्याकाळी डोळे चुरचुरून पाणी यायला लागलं.

मग जाहिरातीचा तो व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला. ‘आधी’च्या दृश्यात उजेड डोक्यावरून येतो आणि हनुवटी खाली असते, त्यामुळे फुगवट्याखाली सावली पडते. ‘नंतर’च्या दृश्यात उजेड समोरून, चेहरा वर. बाई एकदाही हसत नाही. आणि मेकअप? तो शेवटपर्यंत लावतच नाहीत! ज्या कामासाठी वस्तू विकली, ते काम दाखवलंच नाही.

खोक्यावर घटकांची यादी नाही, बॅच नंबर नाही, उत्पादकाचा पत्ता नाही. पैसे परत मागितले तर म्हणे, सील उघडलंय, आता परत घेता येणार नाही. सील न उघडता गुण कसा कळायचा, असं विचारलं आणि त्यानंतर त्यांचं उत्तर येणंच बंद झालं.

पैशांपेक्षा मला जास्त राग याचा आहे की हे डोळ्याला खेटून लावायचं असतं. तिथली त्वचा शरीरात सर्वांत पातळ. अशा बिननावाच्या क्रीममध्ये स्टेरॉइड लपलेलं असेल, तर बरेच दिवस वापरल्यावर त्वचा आणखी पातळ होते, डोळ्यातला दाबही वाढू शकतो. घटक छापलेले नसतील तर डबी फुकट मिळाली तरी लावू नका.

झोपेत पाणी साठून आलेली सूज थंड पट्टीने आणि उशी जरा उंच घेतल्याने उतरते. वयामुळे चरबी पुढे येऊन झालेल्या पिशव्या मात्र कुठल्याच बामने जात नाहीत, कोणी काहीही सांगो. तोच व्हिडिओ आता दुसऱ्या नावाच्या डबीसाठी फिरतोय, तेव्हा नाव नवीन दिसलं तरी आधी उजेड कुठून येतोय ते बघा.