बोकास्तेलची रेड, ठाण्याचा मे आणि अळणी मटण

मेहुणा फ्रान्सला लियोंमध्ये नोकरीला आहे, त्याने येताना शातो द बोकास्तेल या वाईन इस्टेटची रेड वाईन आणली आणि परवाच्या रविवारी घोडबंदर रोडच्या आमच्या फ्लॅटवर ती फोडली. आधी दोन दिवस घरात नुसती चर्चा, एवढी महागाची बाटली, हिच्याबरोबर खायचं काय!

ही इस्टेट दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होनच्या खोऱ्यात, शातोनफ-द्यू-पापला. चौदाव्या शतकात पोप जवळच आविन्योंला राहायचे, त्यांच्यावरून गावाचं नाव. 1909 मध्ये एकाने ती घेतली, पुढे जावयाकडे म्हणजे पिएर पेरँकडे आली आणि आजतागायत पेरँ घराणंच चालवतंय, पाचवी पिढी आहे आता. आमच्याकडे गावच्या दोन गुंठ्यांवरून भाऊ बोलत नाहीत, असो.

मळ्यात मोठाले गोल गोटे पसरलेत, दिवसभर तापतात आणि रात्री वेलींना ऊब देतात. तिथे 13 जातींची द्राक्षं चालतात आणि हे सगळ्या 13 लावतात, पण रेडमध्ये मुख्य जोर ग्रेनाश आणि मूर्वेद्रचा. मला सगळ्यात भारी वाटलं ते पिएरच्या मुलाने, झाक पेरँने सुरू केलेलं प्रकरण, द्राक्षांच्या साली जरा वेळ 80 डिग्रीच्या आसपास तापवायच्या आणि लगेच थंड करायच्या, म्हणजे रंग नीट उतरतो आणि रस खराब करणारी एन्झाइम्स मरतात. सेंद्रिय शेतीही त्याच्याच काळापासूनची.

आता चव. पहिला ग्लास फुकट घालवला, चूक आमचीच, "रेड रूम टेंपरेचरला प्यायची" म्हणून बाटली ओट्यावर ठेवली, पण मे महिन्यातली ठाण्याची रूम म्हणजे 34 डिग्री, नुसतं अल्कोहोल नाकात गेलं. वर तिखट रस्सा, त्याने घसा आणखी पेटला. मग अर्धा तास फ्रीजमध्ये, तिथून स्टीलच्या जगमध्ये ओतून तासभर ठेवली, आणि सासूबाईंनी मुलांसाठी काढलेलं अळणी मटण पुढ्यात ओढलं. काय सांगू! काळं जांभूळ, चामडं, थोडी मिरी, आणि घोट गेल्यावरही बराच वेळ तोंडात राहते.

सासूबाईंनी एक घोट घेतला, म्हणाल्या, "कोकम सरबत बरं." बाटली तरी संपली. पाचपैकी साडेचार, अर्धा मार्क किमतीचा कापला. कोणी आणून देत असेल तर नक्की घ्या, पण हिवाळ्यात फोडा.