पुन्हा पाहायचा तर कोणता: ‘छोटी सी बात’ की ‘मुंबई-पुणे-मुंबई’?

हलकाफुलका प्रेमपट पहिल्यांदा बघताना जीव एकाच गोष्टीत अडकलेला असतो: जमतंय की नाही? पुन्हा बघताना ते आधीच ठाऊक असतं. मग उरतात ती माणसं, त्यांचं बोलणं आणि ती हिंडतात ते रस्ते. माझे दोन लाडके सिनेमे मी या आठवड्यात लागोपाठ पाहिले. तुमच्याकडे एकच संध्याकाळ मोकळी असेल, तर हे वाचून ठरवा.

बासु चॅटर्जींचा ‘छोटी सी बात’ १९७६चा. अमोल पालेकरांचा अरुण बसस्टॉपवर रोज प्रभाला बघतो, तिच्या मागोमाग तिच्या ऑफिसपर्यंत जातो, पण तोंडातून शब्द फुटत नाही. कॉलेजात असताना मला हे फार गोड वाटलं होतं. आता मुलगी शेजारी बसली होती आणि पहिल्या वीस मिनिटांतच तिने विचारलं, “आई, हा तिच्या मागे मागे का फिरतोय?” प्रश्न रास्त आहे. मलाही या वेळी ते खुपलं.

पण मग माझं लक्ष विद्या सिन्हांकडे गेलं. प्रभाला सगळं कळत असतं. तो मागे आहे हे तिला माहीत असतं आणि तिला त्याची गंमतही वाटत असते. अरुण खंडाळ्याला कर्नलसाहेबांकडे (अशोक कुमार) प्रेमाचे धडे घ्यायला निघून जातो, तेव्हा तिची नजर त्याला शोधत राहते. ‘ना जाने क्यूं’ हे गाणं तिथेच येतं. पूर्वी मी हा सिनेमा अरुणचा समजत होते. या वेळी तो मला प्रभाचा वाटला. उत्तरार्धातले कर्नलचे डावपेच मात्र आता जुने झालेत. बाईला जिंकायच्या युक्त्या असतात हेच मुळात पटत नाही. अशोक कुमार आणि असरानी आहेत म्हणून ते निभावतं. गळ्यात मारलेली भंगार मोटरसायकल अरुण त्याच गॅरेजवाल्यांना परत खपवतो, तो प्रसंग अजूनही खळखळून हसवतो.

आणि ती मुंबई! बेस्टच्या रांगा, ऑफिसची लगबग, जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार कॅफे. ते २०१५मध्ये बंद झालं. तिथे बसून चहा प्यायलेल्यांच्या घशात या दृश्यांना नक्कीच आवंढा येईल.

सतीश राजवाडेंचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ २०१०चा. मुंबईची मुलगी स्थळाला नकार द्यायला पुण्यात येते, एक अनोळखी मुलगा भेटतो आणि दोघं दिवसभर बोलत राहतात. जवळजवळ अख्खा सिनेमा स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे या दोघांच्याच खांद्यावर आहे. मुंबई चांगली की पुणं ही जुगलबंदी तेव्हा ताजी होती. मधल्या वर्षांत त्या विनोदांची इतकी पारायणं झाली, की आता तो भाग थोडा लांबल्यासारखा वाटतो.

तरी पुन्हा बघण्यासाठी माझं मत यालाच, आणि कारण एकच. ज्याला नकार द्यायचाय तो मुलगा हाच, हे आपल्याला आता माहीत असतं. ती त्या न बघितलेल्या मुलाबद्दल फणकाऱ्याने बोलते, तेव्हा पहिल्या वेळी आपण तिच्याकडे बघत होतो. आता आपण त्याच्याकडे बघतो. लागलेलं तो कसं लपवतो, कुठे हसण्यावारी नेतो, कुठे बोलता बोलता थांबतो, हे सगळं नव्याने सापडत जातं. रहस्य फुटल्यावर सिनेमाची मजा जाते असं म्हणतात. इथे ती वाढली. मुक्ता बर्वेंचं अवघडलेपण हळूहळू सैल होत जातं, तेही या खेपेला जास्त भिडलं.

नवराबायको मिळून बघणार असाल तर बेलाशक हाच लावा. बघून झाल्यावर तुमच्या पहिल्या भेटीचा विषय निघेलच. २०१५ आणि २०१८चे पुढचे भाग त्याच रात्री मात्र लावू नका. तिथे दोघांना नावं मिळतात, घरची माणसं येतात, लग्न ठरतं. त्या एका दिवसाची जादू निदान सकाळपर्यंत राहू द्या.

‘छोटी सी बात’ एखाद्या दुपारी एकट्याने बघा. सलील चौधरींची गाणी सुरू झाली की फोन बाजूला ठेवा. किंवा घरातल्या तरुण मुलांसोबत बघा, पण मग अधेमधे थांबवून बोलायची तयारी ठेवा. आमच्याकडे दोन तासांच्या सिनेमाला साडेतीन तास लागले, आणि वाद अजून मिटलेला नाही.