‘वॉटरप्रूफ’ किचनचं एका पानाचं कोटेशन

कोटेशन एका पानाचं होतं. वर गणपती, खाली एकूण रक्कम २,५९,६०० रुपये आणि मध्ये चार ओळी. त्या चार ओळींतून आमचे पैसे कसकसे गेले ते सविस्तर लिहिते आहे. बडोद्यात पुरानंतर कितीतरी घरांनी स्वयंपाकघरं नव्याने करून घेतली, काहींची अजून व्हायची आहेत, आणि असले कागद अजूनही वाटले जात असणार. दुकानदाराचं नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे.

ऑगस्ट २०२४चा पूर इथल्या माणसाला सांगायला नको. आजवा धरणाचं पाणी आलं, विश्वामित्री नदी काळा घोड्यापाशी ३५ फुटांच्या वर गेली आणि गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी समा भागातल्या आमच्या टेनामेंटमध्ये गॅसच्या शेगडीपर्यंत पाणी होतं. (मगरींचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर येत होते, ते वेगळंच.) पाणी ओसरल्यावर ओट्याखालचे कोटा दगडाचे कप्पे धुऊन पुसून होते तसे निघाले, लाकडी दारं आणि ट्रॉल्या गेल्या. पुढे काही दिवसांतच फाटकात पत्रकं खोचलेली सापडू लागली: ‘वॉटरप्रूफ किचन’. त्यांतल्या एका शोरूममध्ये आम्ही गेलो.

तिथे काउंटरवर काचेची बरणी होती, पाण्याने भरलेली, आत प्लायचा तुकडा. “बेन, महिनाथी पाणीमां छे, कंई थयुं नथी.” (महिनाभर पाण्यात आहे, काही झालेलं नाही.) पुरातून वर आलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? पण ती बरणी काय सिद्ध करते ते नंतर आमच्या सुतारकाकांनी सांगितलं: फार थोडं. पाणी सोसणाऱ्या, म्हणजे मरीन प्लायची परीक्षा गार पाण्यात होत नाही. आयएस ७१० या मानकात प्लायचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि तरीही त्याचे थर सुटता कामा नयेत. खरा फरक थरांमधल्या डिंकात असतो. आयएस ३०३ मधला साधा एमआर (ओलावारोधक) दर्जाचा प्लाय दमट हवा सोसतो, पण सिंकखाली रोज ओल राहिली तर टिकत नाही. तुकड्यावर आयएसआयचा शिक्का, मानकाचा आकडा आणि सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा ते दिसतं. बरणीतल्या तुकड्यावर हे सगळं होतं. कोटेशनवर मात्र एवढंच: ‘बॉडी व शटर वॉटरप्रूफ प्लाय’ (बॉडी म्हणजे कपाटाचं खोकं, शटर म्हणजे दार). ना आकडा, ना कंपनी, ना जाडी. नुसता ‘वॉटरप्रूफ’ असा दर्जा या मानकांत नाही, त्यामुळे त्या शब्दाने दुकानदार कशालाच बांधला जात नाही.

आता मापं. इथे सगळ्यात सफाईने हात मारला होता. आमचा ओटा एल आकाराचा, एक भिंत १० फूट, दुसरी ८. कोटेशनमध्ये खालची कपाटं १८ रनिंग फूट (भिंतीलगतच्या लांबीचे फूट), दर ५,५०० रुपये. वरची कपाटंही १८ रनिंग फूट, दर ३,५०० रुपये. दहा अधिक आठ अठरा, बेरीज बरोबर दिसते. पण ओटा दोन फूट खोल आहे, म्हणजे कोपऱ्याचा दोन फुटांचा चौकोन दोन्ही भिंतींच्या मापात धरला गेला. प्रत्यक्षात खाली कपाटं १६ फूटच बसतात. वरची गंमत आणखी मोठी. आठ फुटांच्या भिंतीत सिंकवर चार फूट रुंद खिडकी आहे, तिथे कपाट लागणारच नव्हतं. चिमणीचे दोन फूट मोकळे. वरच्या कपाटांची खोली एक फूट, म्हणून कोपऱ्यात एक फूट दोनदा मोजलेला. अठरातून सात गेले, राहिले अकरा. खाली दोन फुटांचे ११,०००, वर सात फुटांचे २४,५००, म्हणजे हवेच्या कपाटांचे ३५,५०० रुपये, आणि त्यावर १८ टक्के कर निराळा. सासूबाई म्हणाल्या, “खिडकीलासुद्धा दार लावलंन मेल्याने.”

म्हणून ज्यांना कोटेशन मिळालं आहे त्यांनी एकूण आकडा बाजूला ठेवावा आणि प्रत्येक कपाटाची रुंदी, उंची, खोली वेगळी लिहून मागावी. नकाशावर प्रत्येक खोक्याला नंबर आणि यादीत तोच नंबर. फ्रिजची जागा, शेगडीखालची जागा, चिमणी, खिडकी, कोपरा ही पाच ठिकाणं बोट ठेवून विचारावीत. रनिंग फुटाचा दर स्वस्त सांगून माप वाढवणं दुकानदाराला सोपं जातं, कारण गिऱ्हाईक दरात घासाघीस करतं आणि माप कुणी घेत नाही.

पैशांची मागणी अशी होती: निम्मे बुकिंगला, चाळीस टक्के माल घरी आल्यावर, उरलेले काम संपल्यावर. आम्ही १,३०,००० आणि मग १,००,००० दिले. ‘माल घरी आल्यावर’ हा टप्पा नीट पाहा. माल खोक्यात बंद, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला येतो, कडांना पट्टी चिकटवलेली असते, आतलं काहीच दिसत नाही, आणि तोवर जवळजवळ नव्वद टक्के रक्कम गेलेली असते. हा टप्पा ‘सगळी खोकी भिंतीला बसल्यावर आणि तपासल्यावर’ असा लिहून घेता येतो.

बिंग फोडलं ते पाण्याचा फिल्टर बसवायला आलेल्या मुलाने. नळीसाठी त्याने सिंकखालच्या कपाटाच्या बाजूला भोक पाडलं आणि खाली करड्या भुशाचा ढीग पडला. “बेन, आ तो पार्टिकल बोर्ड छे,” तो सहज म्हणाला आणि पुढचं काम करू लागला. प्लायला भोक पाडलं की थर दिसतात, साली निघतात. दोन्ही बाजूंनी पांढरा थर लावलेला पार्टिकल बोर्ड बाहेरून प्लायसारखाच दिसतो. आत लाकडाचा चुरा डिंकात दाबलेला असतो. पार्टिकल बोर्ड वाईटच असतो असं नाही, कोरड्या खोलीतल्या कपाटाला तो चालतो आणि स्वस्तही पडतो. पण प्लायचे पैसे घेऊन सिंकखाली तो लावणं ही सरळ लबाडी आहे. पाणी लागलं की तो फुगतो आणि फुगलेला परत बसत नाही. आमच्या खालच्या फळीची कड पहिल्याच पावसाळ्यात पावासारखी फुगली.

कुणालाही करता येईल अशी तपासणी सुतारकाकांनी दाखवली. दाराची एक बिजागरी स्क्रू काढून सोडवायची. तिच्या वाटीसाठी दारात ३५ मिलिमीटर व्यासाचं भोक असतं, त्याच्या कडेला आतला थर उघडा दिसतो. बॉडीसाठी सिंकमागे पाइपाकरता कापलेली जागा टॉर्च लावून बघायची. आमच्याकडे शटरं प्लायची निघाली, बॉडी सगळी बोर्डाची. दुकानदाराला फोन केल्यावर उत्तर आलं, “बधा आ ज नाखे छे, बेन.” (सगळे हेच लावतात.)

बिजागऱ्या काढल्या म्हणून आणखी कळलं. शोरूममध्ये दाखवलेल्या सॉफ्ट क्लोजच्या बिजागरीवर कंपनीचं नाव कोरलेलं होतं, घरातल्यांवर काहीच नव्हतं. स्टीलच्या बास्केटला त्याने आमच्यासमोर लोहचुंबक लावून दाखवलं होतं: चिकटत नाही, म्हणजे ३०४ दर्जाचं. हे ऐकायला पटतं, पण कमी निकेलचं २०२ दर्जाचं स्टीलसुद्धा चुंबकाला चिकटत नाही. चिंच-मिठाच्या बरण्या ठेवलेल्या बास्केटवर गंजाचे तपकिरी ठिपके आले तेव्हा उजेड पडला. दर्जा बिलावर लिहून घेणं आणि शंका असेल तर स्टील तपासायचं रसायन एक थेंब टाकून बघणं, चुंबकापेक्षा हे बरं.

आणि कर. २,२०,००० वर १८ टक्के म्हणजे ३९,६०० रुपये त्याने कोटेशनमध्ये धरले होते. पक्कं बिल मागितलं तर ‘पुढच्या आठवड्यात’. शेवटी व्हॉट्सॲपवर एक जीएसटी क्रमांक पाठवला. पंधरा अक्षरांचा, गुजरातचा म्हणून २४ ने सुरू होणारा, खरा होता. ह्यांनी तो जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर शोधला तर दुकानदार कंपोझिशन योजनेतला (छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या कराच्या योजनेतला) निघाला. त्या योजनेतल्या व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाकडून कर वसूल करताच येत नाही. कायदाच तसा आहे. मधल्या काळात आमचे फोन उचलेनासा झालेला माणूस त्या रात्री स्वतः फोन करून “भाई, बेसीने वात करीए” (बसून बोलू या) म्हणाला.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली होती, तिथे त्याने ‘गिऱ्हाइकाने बाकी दिली नाही’ एवढंच उत्तर दिलं. मग फोटो आणि मापांच्या तक्त्यासह रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली. ठरलं असं की उरलेले २९,६०० त्याने सोडायचे आणि १०,००० परत करायचे, म्हणजे कराची रक्कम मिटली. पावतीवर त्याने ‘फुल अँड फायनल’ असं छापून आणलं होतं. ह्यांनी ती ओळ खोडली, ‘फक्त कराच्या रकमेपोटी’ असं हाताने लिहिलं आणि मग सही केली. तो बराच वेळ बसून राहिला, चहा प्यायला, आणि पैसे पाठवून गेला.

मापं आणि बोर्ड यांची तक्रार वडोदरा जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती पोर्टलवरून केली आहे. मालासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाखल करता येते, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. सिंकखालचं कपाट सुतारकाकांनी काढलं, तिथे पुन्हा कोट्याच्या लाद्या बसवल्या. काढलेली फळी आम्ही जपून ठेवली आहे. तिचा नमुना प्रयोगशाळेत तपासायला पाठवावा, असा अर्ज तक्रारीला जोडला आहे.